वडिलांच्या दोन गोळ्या आणि मेदाचे निरोप

प्रश्न : माझ्या वडिलांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून ते रोज ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची गोळी घेतात. केळीच्या बागेतील कामाने गुडघे दुखू लागले की मेडिकलवरून आयबुप्रोफेन आणतात. डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितले, पण ‘दोन्ही गोळ्या एकाच जागी काम करतात’ एवढेच कारण दिले. ही जागा कोणती? शिवाय दुखण्याचे रसायन शरीरातील मेदापासून बनते असे वाचले. मग तेल कमी केले तर गुडघे दुखायचे थांबतील का? आमच्याकडे शेंगदाण्याच्या तेलावाचून पान हलत नाही.
— एक वाचक, तालुका यावल

उत्तर : मेद म्हणजे केवळ साठवलेली ऊर्जा, हा समज अपुरा आहे. प्रत्येक पेशीचे आवरण मेदाचेच असते आणि त्यात ॲरॅकिडॉनिक आम्ल हे २० कार्बन अणूंचे मेदाम्ल गुंतवून ठेवलेले असते. पेशीला इजा झाली की ते सुटे होते आणि कॉक्स नावाचे विकर (एन्झाइम) त्यापासून प्रोस्टाग्लँडिन, थ्रॉम्बोक्सेन असे रेणू तयार करते. हे रेणू रक्तातून लांब जात नाहीत. शेजारच्या पेशींना निरोप देतात आणि थोड्याच वेळात नष्ट होतात. (स्वीडिश शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३५ साली प्रोस्टेट ग्रंथीवरून प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिले. पुढे हे रेणू जवळजवळ सर्व ऊतींत सापडले, तरी चुकीचे नाव कायम राहिले.)

निरोपाचा अर्थ मात्र रेणू ठरवत नाही, तो ऐकणारा पेशीवरचा ग्राही (रिसेप्टर) ठरवतो. प्रोस्टाग्लँडिन ई२ या एकाच रेणूसाठी पेशींवर चार प्रकारचे ग्राही असतात. त्यांपैकी दोन स्नायू सैल करतात, तर दोन आकुंचित करतात. तोच रेणू मेंदूत ताप चढवतो, सांध्यात वेदनेची धार वाढवतो आणि जठरात संरक्षक श्लेष्मा वाढवून आम्ल आवरतो. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी ग्राहींना हात न लावता रेणूची निर्मितीच थांबवते. म्हणूनच गुडघ्याला आराम पडतो, पण पोटात आग पडते. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवण्याचे कामही प्रोस्टाग्लँडिनकडेच असते. मे महिन्याच्या उन्हात बागेत राबून शरीरातले पाणी कमी झाले असताना तर मूत्रपिंड याच रेणूंच्या आधारावर चालत असते. अशा दिवशी अशी वेदनाशामक गोळी घेणे मला पोटदुखीपेक्षाही अधिक काळजीचे वाटते.

आता ‘एकच जागा’. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवते, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ॲस्पिरिन कॉक्सच्या आतील चिंचोळ्या बोळात शिरून त्याला कायमचे निकामी करते. रक्तातील प्लेटलेटमध्ये केंद्रक नसल्यामुळे तिला नवे विकर बनवता येत नाही. त्यामुळे तिच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यात ती गुठळी करणारे थ्रॉम्बोक्सेन पुन्हा तयार करू शकत नाही. एवढ्याशा मात्रेने हृदयाचे रक्षण होते ते यामुळे. आयबुप्रोफेनही त्याच बोळात बसते, पण काही तासांनी उठून जाते. ते आधी बसलेले असेल, तर ॲस्पिरिनला वाट मिळत नाही. ॲस्पिरिन रक्तात थोडाच वेळ टिकत असल्याने ती संधी निघून जाते, मग आयबुप्रोफेनही निघून जाते आणि प्लेटलेट पूर्वीसारखी कामाला लागते. गोळी घेतल्याचे समाधान राहते, संरक्षण राहत नाही.

तेलाविषयी थोडक्यात. शेंगदाणा तेलातील लिनोलेइक आम्लापासून शरीर ॲरॅकिडॉनिक आम्ल बनवते हे खरे. परंतु ही वाट शरीर स्वतः आवरून धरते, त्यामुळे भरितावरची तेलाची धार कमी केल्याने सांध्यातील प्रोस्टाग्लँडिन त्या प्रमाणात घटत नाहीत. वजन उतरले तर गुडघ्यांवरचा भार कमी होईल, हा लाभ वेगळा. जवसातील ओमेगा-३ चे उपयुक्त रूपात रूपांतर फारच थोडे होते, तेव्हा जवसाची चटणी आवडीने खावी, औषध म्हणून नव्हे. वडिलांनी ॲस्पिरिन स्वतःहून थांबवू नये आणि गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल किंवा लावायचे मलम चालेल का, हे पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारावे. जाताना मेडिकलवरून आणलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.