वैद्याला मारून टाकू का?

मे महिना, जळगावात पारा 44 च्या वर, सकाळी अकरालाच रस्ते ओस पडलेले, अशात चोपडा तालुक्यातून एक आई मुलीला घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. दोघींच्या तोंडाला रुमाल बांधलेले. बसल्या, पाणी प्यायल्या, मग मुलीला बाहेर बसवून आई एकटीच आत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, हाई पोर रातले फोनवर बोलस, त्याले मारी टाकूत का म्हने." माझ्या पोटात गोळाच आला. कोणाला मारायचं, हे कोण लोक, पोलिसात जायचं की काय... पण आई पुढे सांगायला लागली की नंतर ती रडते पण, जेवत नाही, आणि कोणातरी वैद्यासाठी रडते. वैद्य?

मुलगी आत आली. वय 23, बी.एड. करते, वडलांची केळीची बाग. मी सरळच विचारलं, वैद्य कोण गं. ती आधी खूप ओशाळली आणि मग फस्सकन हसली. "मॅम, तो कॅरेक्टर आहे. ग्रुपमधला."

(तिला विचारून लिहितेय, आणि कोणाचंच खरं नाव सांगणार नाही, सगळ्यांना त्यांच्या पात्रांच्या नावानेच हाका मारते, तसंही ते एकमेकांना त्याच नावाने ओळखतात.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रोलप्ले लिखाण म्हणजे सगळ्यांनी मिळून एक गोष्ट लिहायची, पण प्रत्येकाने फक्त आपल्या पात्राचंच लिहायचं. मी किल्लेदारीण असेन तर किल्लेदारीण काय बोलली, कुठे गेली एवढं मी लिहिणार, वैद्याने काय उत्तर दिलं ते वैद्याचा माणूस लिहिणार. नाटकासारखंच, पण स्क्रिप्ट नाही, आणि पुढे काय होणार कोणालाच माहीत नाही. हिचा ग्रुप टेलिग्रामवर होता, 11 जण, धुळे, नंदुरबार, भुसावळ, दोघं पुण्याला गेलेले. गोष्ट असीरगडावरची, 1600 सालची. अकबराच्या फौजेने गडाला वेढा घातलाय आणि ही 11 माणसं आत अडकलीत. असीरगड म्हणजे आपल्या फारुकी सुलतानांचा गड, बऱ्हाणपूरच्या पुढे साधारण 20 किलोमीटर, आता मध्य प्रदेशात येतो पण तेव्हाचं खानदेश तेच. मला तर ऐकूनच आवडलं, इतकं सांगते.

आणि आता हा ग्रुप मरत होता. 11 पैकी चारच लिहायचे, त्यातही हीच जास्त. वैद्य 40 दिवस गायब, म्हणून बाकीचे म्हणत होते त्याला गोष्टीत मारून टाकू म्हणजे पुढे तरी जाता येईल, आणि हिच्याच्याने ते होईना. ही अ‍ॅडमिन, आणि गोष्टीतली किल्लेदारीण पण हीच. रोज तीनदा "कुणी आहे का?" टाकायची, सगळ्यांना टॅग करायची, कोणी वाचलं कोणी नाही ते बघत बसायची. तिचा खरा प्रश्न मात्र वेगळाच होता, तो तिने अगदी उठता उठता विचारला. "मॅम, सगळीकडे मीच शेवटची का राहते? म्हणजे माझ्यातच काही बोअरिंग आहे का?"

हा प्रश्न मला खूप जण विचारतात. कोणाचा ट्रेकिंगचा ग्रुप असतो, कोणाचा दहावीच्या बॅचचा, एका काकांचा तर पहाटे फिरायला जायचा ग्रुप होता, सहाचे दोन झाले तर ते बीपीची गोळी वाढवून बसले. ओढणारा एकच, बाकीचे येईनासे झाले की तो माणूस ते स्वतःच्या अंगाला लावून घेतो.

पहिल्या दिवशी मी चुकले. 15 दिवस टेलिग्राम बंद ठेव, झोप सुधार, मग बघू, असं सांगितलं, आणि आई खूश झाली यावरूनच मला कळायला हवं होतं. पोरगी दहाव्या दिवशी परत आली, जास्तच उतरलेली. माझ्या डोक्यात तो टाइमपास होता, तिच्यासाठी तो 14 महिन्यांचा संसार होता, आणि कॉलेजच्या मैत्रिणी पुणे-नाशिकला गेल्यावर, घरात स्थळं बघणं सुरू झाल्यावर, तिच्याकडे स्वतःचं असं तेवढंच उरलं होतं. तेव्हा मी म्हटलं, बरं, दाखव मला काय लिहिता ते.

तिने मोबाईल दिला आणि मी अर्धा तास वाचत बसले. छान लिहायची हो! पण एक पोस्ट वाचून मी थांबले. थोडक्यात अशी होती: किल्लेदारीण मशाल घेऊन कोठारापाशी आली, तिने वैद्याला हाक मारली, वैद्य दचकून उठला आणि म्हणाला की औषधं संपत आलीत, मग दोघं तटावर गेले, तिथे खबऱ्या धावत आला, त्याने खालच्या छावणीची बातमी सांगितली, ती ऐकून सगळे सुन्न झाले आणि आपापल्या जागी झोपायला गेले.

मी विचारलं, "यात वैद्याने काय लिहायचं आता?"

ती म्हणाली, "त्याने... रिप्लाय द्यायचा."

"कशाला? दचकला पण तूच, बोलला पण तूच, झोपवला पण तूच."

बराच वेळ ती त्या पोस्टकडे बघत राहिली. मग म्हणाली, मॅम, याला गॉडमोडिंग म्हणतात, दुसऱ्याचं पात्र आपणच हलवणं, आमच्या ग्रुपचा तीन नंबरचा नियम आहे की हे करायचं नाही, आणि तो नियम मीच लिहिलाय. तिचं म्हणणं असं की आधी ती असं नव्हती करत, पण लोक येईनात, सीन अडकायचा, म्हणून ती त्यांचं पण लिहून टाकायला लागली, गोष्ट चालू राहावी म्हणून. आणि जितकं ती लिहायची तितकं दुसऱ्याला करायला कमी उरायचं. लग्नात एकच बाई सगळं करत सुटली की बाकीच्या खुर्चीत बसून पाहुण्या होतात ना, तसं. कामचुकारपणा नसतो तो, हाताला काही लागतच नाही.

मग मी तिला एक काम दिलं. वैद्याला पर्सनल मेसेज कर, पण त्यात ग्रुप नाही, पोस्ट नाही, "कधी येणार" नाही. फक्त कसा आहेस. तिला ते फार अवघड गेलं, चार दिवस लागले. उत्तर दहा मिनिटांत आलं. त्याला नाईट ड्युटी लागली होती, सुरुवातीला आठ दिवस जमलं नाही, मग ग्रुप उघडला तर 400 मेसेज, म्हटलं आधी सगळं वाचू मग लिहू, तोवर 600 झाले, त्यात रोज याला टॅग, मग लाजच वाटायला लागली आणि त्याने ग्रुप म्यूट करून टाकला. बघा, त्याला कंटाळा आलाच नव्हता. तो घाबरून लांब राहिला होता. उधारी थकली की माणूस त्या दुकानावरून जायचं टाळतो, लांबच्या गल्लीने जातो, दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक तुटलं. आणि आपण जितक्या वेळा हाक मारतो तितकी उधारी मोठी दिसते. गप्प झालेल्यांतले बरेच जण असेच असतात हा माझा अनुभव, सगळे नाही, पण बरेच.

इथून पुढे डोकं तिनेच चालवलं, मी नुसती ऐकत होते. दर रविवारी "आतापर्यंत काय झालं" म्हणून सहा ओळी वर पिन करायच्या, कोणीही तेवढंच वाचून आत शिरायचं, मागचं वाचायची सक्ती नाही. आधी नंबर लावलेला होता, याच्यानंतर हा, 48 तास थांबायचं, म्हणजे एकाचा पेपर असला की दहा जण खोळंबले, तो नंबर काढला आणि दोघा-तिघांचे छोटे छोटे सीन एकाच वेळी चालू ठेवले. 300 शब्दांची अट होती ती पण काढली, दोन ओळी आल्या तरी चालतील. आणि प्रत्येकाने पोस्टच्या शेवटी काहीतरी उघडं सोडायचं, प्रश्न, दारावरची थाप, अर्धवट राहिलेलं वाक्य, म्हणजे पुढच्याला धरायला काहीतरी. पण सगळ्यात भारी म्हणजे ताप. वेढ्यात गडावर रोगराई पसरली होती हे इतिहासात आहेच, तर ज्याला काही दिवस जमणार नाही त्याने ग्रुपवर फक्त "तापाने पडलो" एवढं लिहायचं. कारण द्यायचं नाही, कोणी विचारायचं पण नाही. पात्र एका कोपऱ्यात घोंगडी घेऊन झोपलंय, बरं झालं की उठेल. वैद्याला मारायचा प्रश्नच मिटला, वैद्यच तापाने पडला.

एक राहिलंच सांगायचं. धुळ्याची एक मुलगी होती, गडावर दळण-कांडण करणारी बाई लिहायची ती, आणि संवाद अहिराणीत. आमच्या अ‍ॅडमिन बाईंनी तिला चारचौघांत सांगितलेलं की प्रमाण मराठीत लिही, सगळ्यांना कळत नाही. ती गेली ती गेलीच. मला हसू आवरेना, म्हटलं अगं ज्या गडाचं नावच आसा अहिर नावाच्या गवळी सरदारावरून पडलं म्हणतात तिथे अहिराणी चालत नाही? घरी आईशी काय बोलतेस तू? तिने माफीचा मेसेज टाकला, तीन दिवसांनी ती मुलगी परत आली आणि पहिलीच ओळ तापलेल्या वैद्याला, "हाऊ ताप उतरना नही ते तुन्हा काढा तूच पी!" त्या एका ओळीवर म्हणे त्या दिवशी 27 उत्तरं आली.

हे सगळं होऊनही एक गाठ सुटत नव्हती. ग्रुप हलला होता पण गोष्ट हलत नव्हती. मी एकदा सहज विचारलं, गोष्टीत तारीख कोणती चालू आहे? डिसेंबर 1600. आणि महिन्यापूर्वी? डिसेंबरच. चार महिने झाले, डिसेंबरच चालला होता. कारण सगळ्यांना माहीत होतं, जानेवारी 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हातात गेला आणि फारुकी राज्य तिथेच संपलं. जानेवारी आला की गोष्ट संपणार. म्हणून ही अ‍ॅडमिन काहीतरी काढून रोज दिवस लांबवायची, आज चोरी झाली, उद्या भुताची अफवा, परवा परत चोरी. लोकांना कळतं हो ते. शेवट येऊच द्यायचा नाही म्हटल्यावर मधल्या कशालाच वजन राहत नाही.

"मग पडू दे ना गड," मी म्हटलं.

"मग संपेल सगळं."

यावर मी काही बोलले नाही. कोणत्या सगळ्याबद्दल बोलतोय ते आम्हा दोघींनाही कळत होतं. त्याच आठवड्यात घरात एक स्थळ जवळजवळ पक्कं होत आलं होतं आणि तिने हो पण म्हटलं नव्हतं आणि नाही पण. त्यावर आम्ही वेगळं बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या वेळी तीच म्हणाली, "मॅम, आमच्याकडे घड उतरवला की ते खोड ठेवत नाहीत, पण पील, म्हणजे बुंध्याशी फुटणारं नवं रोप, आधीच ठेवलेलं असतं बाजूला." केळीवाल्याची पोर! मी म्हटलं मग आत्ताच सुरू करा नवीन गोष्ट. तर मलाच समजावते, "नाही, लवकर ठेवलं तर पील मोठ्या झाडाचं खत खातं, आधीची पिलं कापत राहावी लागतात, घड निसवला, म्हणजे बाहेर पडला, की मगच एक धरायचं." म्हणजे तिचं गणित असं, की आधी गड पडायची तारीख ठरवायची, ती सगळ्यांना सांगायची, आणि मग शेवटचे तीन आठवडे जुनी गोष्ट चालू असतानाच नव्या गोष्टीचा एक सीन बाजूला उघडायचा. हे मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलेले नाही, आता मात्र इतरांना सांगते, पिलबागेचा हिशोब म्हणून.

गड 12 जुलैला पडला, म्हणजे यांच्या ग्रुपवर. नऊ जण हजर होते, त्यात तीन असे की महिनोन्‌महिने एक अक्षर नव्हतं लिहिलं. वैद्य ड्युटीवरून येऊन पहाटे लिहीत होता. दरवाजा उघडला तेव्हा कोण बाहेर कसं पडलं हे प्रत्येकाने आपापलं लिहिलं, किल्लेदारणीने फक्त एक ओळ लिहिली की ती बाजूला उभी राहिली आणि वाट मोकळी केली. मला ती ओळ दाखवताना तिचे डोळे भरले होते, पण यावेळी आईला काळजी वाटली नाही, आई बाहेर बसून माझ्या मदतनीस बाईला कळण्याच्या भाकरीचं प्रमाण सांगत होती.

नवीन गोष्टीत सहाच जण आहेत. पुण्याची दोघं गेली, रीतसर निरोप घेऊन गेली, वैद्य पण गेला, म्हणाला नाईट असेपर्यंत नाही जमणार, नंतर बघू. 11 चे सहा झाले म्हणजे ग्रुप वाढला असं मी म्हणणार नाही. पण अ‍ॅडमिन आता दळणवाली आहे, आणि आमची ही प्रवाशांच्या मुक्कामाच्या एका सराईमधला कोणीतरी खोटारडा व्यापारी लिहिते, पुरुष पात्र, आणि म्हणे फार मजा येते. स्थळाचं काय झालं ते विचारू नका.

मधे ऑक्टोबरात तिची एक अपॉइंटमेंट होती. आदल्या रात्री मेसेज आला, "मॅम, तापाने पडले." मी "बरं" एवढंच लिहिलं.