स्कोअरवरचे लाल गोल आधी थांबवा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी 19 वर्षांची, इथल्या विद्यापीठाच्या जिम्नॅस्टिक्स टीममध्ये पूर्ण स्कॉलरशिपवर आहे. जानेवारीत फ्लोअर एक्सरसाइज करताना टाचेमागचा अकिलिस टेंडन तुटला, ऑपरेशन झालं. आता खेळ सोडते म्हणते. एवढा खर्च, ऑलिम्पिकचं स्वप्न... तिची समजूत कशी घालू?
- एक वडील

उत्तर : तुमचं मूळ लांब पत्र दोनदा वाचलं. क्लबची फी, कॅम्प, लिओटार्ड (खेळाचा अंगाबरोबरचा पोशाख), हॉटेलं यांचा हिशेब अकरा ओळींचा. ऑपरेशन एका ओळीत उरकलंय. आणि मुलगी शिकतेय काय, हे कुठेच नाही! करिअरचा सल्ला मागताना तिचा विषयच राहून गेला.

त्याहून मला खटकलं ते हे : ‘प्रत्येक मीटनंतर (स्पर्धेनंतर) मी तिला स्कोअरचा स्क्रीनशॉट पाठवतो, पॉइंट गेले तिथे लाल गोल करून.’ अहो, ज्यावर तोल सांभाळत कसरत करायची तो बीम जेमतेम 10 सेंटीमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच. तिथे तोल गेला की गुणाचा दशांश कुठे गेला हे तिला खाली उतरायच्या आत कळलेलं असतं. चुका काढायला जज आहेत, सुधारायला कोच आहेत. मग घरच्यांनीही तेच करायचं? इथे पुण्यात माझ्यासमोर बसणारे आईबाप चाचणीच्या पेपरांवर असेच गोल करतात. तुम्ही फक्त देश बदललात.

आता ऑलिम्पिक. कॉलेजची टीम ही तिथली पायरी आहे, हा तुमचा समज उलटा आहे. अमेरिकेची सुनी ली टोकियो ऑलिम्पिकमध्ये ऑल-अराउंड (सगळे प्रकार मिळून) सुवर्ण जिंकली आणि मग ऑबर्न विद्यापीठाच्या टीममध्ये गेली. जेड कॅरी, जॉर्डन चाइल्सही ऑलिम्पिक खेळून कॉलेजच्या टीममध्ये आल्या. पुढे तिघी पॅरिस ऑलिम्पिकला खेळल्या हे खरं, पण त्या मुळातच त्या पातळीच्या होत्या. दोन्हीकडची गुणपद्धतही वेगळी. कॉलेजात अजून 10 पैकी गुण. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 2006 पासून काठिण्याचे गुण वेगळे मोजतात, त्यांना कमाल मर्यादा नाही. कॉलेजात प्रत्येक प्रकारात टीमच्या सहाजणी उतरतात, त्यातले सर्वोत्तम पाच स्कोअर धरतात. जानेवारी ते एप्रिल जवळजवळ दर आठवड्याला मीट. सरावाला आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे, पण प्रवास त्यात धरत नाहीत. हे सांभाळून ती शिकतेय. पदवी झाली की बहुतेकींचा लिओटार्ड कपाटात जातो, आणि त्यात अपयश काही नाही.

स्कॉलरशिपचं मात्र नीट ऐका. मंजूर मुदतीत दुखापतीच्या कारणाने ती काढता येत नाही. स्वतःहून टीम सोडली तर काढता येते. म्हणून रागाच्या भरात किंवा रडवेली होऊन तिने कुठल्याही कागदावर सही करू नये. आधी टीमचे डॉक्टर आणि अॅथलेटिक विभागातले सल्लागार यांच्याशी बोलून वैद्यकीय कारणाने थांबण्याची वाट विचारावी. पायात ऑपरेशननंतरचा बूट असताना कायमचा निर्णय नको, हे मी तिलाही सांगेन. पण पाय बरा झाल्यावरही ती ‘नको’ म्हणाली, तर मी तिच्या बाजूने.

कोचिंग, जजिंग, फिजिओथेरपी या वाटा आहेतच; पण तिचा विषय कळल्याशिवाय काय बोलू?

रविवारी फोन कराल तेव्हा पायाचंही विचारू नका. या सेमिस्टरला कोणते विषय घेतलेत, एवढंच विचारा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. मराठी लिहिता येत नसेल तर इंग्रजीत चालेल.