एव्हबरीत घर घ्यावं की स्विंडनला?

ताई, नाशिकहून तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या स्विंडनच्या ग्रेट वेस्टर्न हॉस्पिटलमध्ये तुमची स्टाफ नर्सची नोकरी पक्की झाली आहे, मिस्टर घरूनच सॉफ्टवेअरचं काम करणार आहेत आणि मुलगी सात वर्षांची आहे, तर शहरातल्या फ्लॅटपेक्षा एव्हबरीसारख्या जुन्या खेड्यात भाड्याने घर घेतलं तर कसं होईल. मी त्याच पंचक्रोशीत राहते, तेव्हा आडपडदा न ठेवता सांगते. पहिलं वर्ष स्विंडनला काढा. दोघांच्याही हातात इथलं लायसन आलं की मग खुशाल खेड्याकडे या. तुम्ही यावं असंच मला वाटतं, आणि म्हणूनच घाई करू नका म्हणते.

अडचण घराची नाही, ड्युटीची आहे. वॉर्डातली लाँग डे शिफ्ट म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास सुरू, रात्री आठला सुटका. एव्हबरी स्विंडनपासून १७-१८ किलोमीटर आहे. स्विंडन ते डिव्हायझेस जाणारी ४९ नंबरची बस गावातूनच जाते, पण ती शहराच्या मध्यावर सोडते. हॉस्पिटल आहे शहराच्या आग्नेय टोकाला, एम-४ मोटरवेजवळ. म्हणजे दुसरी बस आली. सकाळच्या हँडओव्हरला वेळेत पोचायचं आणि रात्री सुटल्यावर घरी यायचं, हे बसच्या भरवशावर जमणार नाही. गाडी असेल तर वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे. भारतीय लायसनवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर इथली थिअरी आणि प्रॅक्टिकल परीक्षा पास व्हावीच लागते, आपलं लायसन बदलून मिळत नाही. प्रॅक्टिकलची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात, तेव्हा आल्या आल्या प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसनचा अर्ज करा. नव्या चालकाला गाडीचा विमा फार महाग पडतो, तोही हिशेबात धरा. आणि गाडी एकच असेल तर तुम्ही ड्युटीवर असताना मिस्टर आणि मुलगी गावात अडकून पडतील. मुलीला दुपारी ताप भरला तर?

हे लांब असणं या गावाच्या नशिबी जुनंच आहे. १६६५ मध्ये कायदा झाला की सरकारी चर्च न मानणाऱ्या धर्मोपदेशकांनी सनद असलेल्या शहरापासून पाच मैलांच्या आत राहायचं नाही. एव्हबरी आसपासच्या तशा सगळ्या गावांपासून नेमकं त्या हद्दीबाहेर, म्हणून अशी माणसं इथे येऊन राहिली. त्यांच्या पंथाचं छोटं चॅपल आजही गावातल्या प्राचीन शिळावर्तुळाच्या आत उभं आहे, आणि त्याच्या भिंतींत त्याच वर्तुळातल्या फोडलेल्या शिळा आहेत.

शिळावर्तुळाबद्दल तुम्ही वाचलंच असेल, पण तिथे राहणं म्हणजे काय हे फोटोतून कळत नाही. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपास खडूच्या पांढऱ्या जमिनीत सुमारे ४२० मीटर व्यासाचा खंदक आणि बांध घातला गेला, आणि आत सार्सन नावाच्या कठीण वालुकाश्माच्या शिळा उभ्या केल्या. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ३३० मीटरच्या घरात आहे. एवढं मोठं शिळावर्तुळ ब्रिटनमध्ये दुसरं नाही. गावाचा काही भाग याच्या पोटात आहे. गवताने शाकारलेला पब आत, मुख्य रस्ता आरपार, मेंढ्या शिळांच्या सावलीला बसलेल्या. स्टोनहेंज या दुसऱ्या प्रसिद्ध शिळावर्तुळाला लोक ठरलेल्या वाटेवरून लांबून बघतात, इथे सरळ शिळेला पाठ टेकून बसता येतं, तिकीट नाही. हात लावून बघा. दगड खरखरीत, थंड, त्यावर करड्या-पिवळ्या शैवाकाचे चट्टे, आणि मधूनमधून आरपार भोकं. (मी नागपूरची. काटोल रोडवर जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत, त्यांचा काळ पुष्कळ अलीकडचा, लोहयुगातला. पण ती पाहिलेल्या माणसाला इथे उभं राहिलं की दोन्हींबद्दल आपुलकी वाटते.)

या शिळा गावकऱ्यांनीच एकदा पुरल्या, एकदा फोडल्या. चौदाव्या शतकात पुष्कळ शिळा आडव्या पाडून खड्ड्यात लोटल्या. १९३८ मध्ये अशाच एका शिळेखाली माणसाचा सांगाडा निघाला. जवळ कात्री आणि चौदाव्या शतकातली नाणी होती, म्हणून त्याला न्हावी-वैद्य म्हणतात. पुढे सतराव्या-अठराव्या शतकात बांधकामासाठी फोडाफोड सुरू झाली. शिळेखाली खड्ड्यात गवत पेटवायचं, दगड तापला की त्यावर गार पाण्याची रेघ ओढायची आणि घणाने हाणायचं. विल्यम स्टकली या अभ्यासकाने १७२० च्या दशकात हे डोळ्यांनी पाहून टिपून ठेवलं, नाहीतर कुठे काय होतं हे आज सांगताच आलं नसतं. १८७१ च्या सुमारास इथल्या जमिनीचे घरांसाठी प्लॉट पडू लागले, तेव्हा जॉन लबक नावाच्या बँकर-खासदाराने ती जमीन स्वतःच विकत घेतली. प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा १८८२ चा कायदा त्याच्याच खटपटीने झाला. तुम्हाला इथे ज्या बँक हॉलिडे मिळतील त्यांचा १८७१ चा कायदाही त्याचाच. त्याला सरदारकी मिळाली तेव्हा त्याने नाव घेतलं लॉर्ड एव्हबरी.

आणि एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९३० च्या दशकात मार्मलेडच्या धंद्यातला वारसदार अलेक्झांडर कीलर इथे आला, त्याने पुरलेल्या शिळा उकरून पुन्हा उभ्या केल्या, जिथल्या गेल्या तिथे सिमेंटचे खांब रोवले. काम अप्रतिम झालं. पण वर्तुळातली काही घरं पाडली गेली आणि तिथली कुटुंबं पश्चिमेला एव्हबरी ट्रुस्लोला हलवली गेली. १९४३ मध्ये कीलरने जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला विकली, १९८६ मध्ये स्टोनहेंजसोबत जागतिक वारसा यादीत नाव आलं. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांची माणसं ज्या स्वरात बोलतात, तसा स्वर इथल्या जुन्या घरांतही मी ऐकला आहे. पर्यटक म्हणून आलेल्याला तो ऐकू येत नाही. राहायला येणाऱ्याने ऐकावा, कारण त्याखेरीज गावाची पर्यटकांबद्दलची, गाड्यांबद्दलची, ‘जपणूक’ या शब्दाबद्दलची नाराजी समजत नाही.

आता घराकडे येऊ. वर्तुळातलं घर भाड्याला निघणं दुर्मीळ. नॅशनल ट्रस्टची काही घरं भाड्याने जातात, पण त्यांची वाट पाहत नोकरी थांबवता येत नाही. ट्रुस्लो, बेकहॅम्प्टन, ईस्ट केनेट, लॉकरिज अशा आसपासच्या गावांतही नजर ठेवा. घर पाहायला गेलात की आधी भिंत बघा. सार्सनची भिंत ‘घामेजते’ असं इथले लोक म्हणतात आणि ते खरं आहे. आतल्या ऊबदार हवेतलं बाष्प त्या थंड दगडावर पाणी होऊन उतरतं. कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं तर मागे बुरशी धरते. मुलीला दम्याचा त्रास असेल तर असं घर सुंदर दिसलं तरी सोडा. आजूबाजूच्या खेड्यांत पुष्कळ घरांना गॅसची पाइपलाइन नसते, अंगणात तेलाची टाकी असते आणि हीटिंगचं तेल एकदम ५०० लिटर मागवावं लागतं. एकरकमी पैसे जातात, ते हिवाळ्याआधी बाजूला काढून ठेवा. घर ‘लिस्टेड’, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत असेल तर खिडक्या बदलून दुहेरी काचा बसवणं मालकालाही परवानगीशिवाय शक्य नसतं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर परसात खड्डा खणायलाही परवानगी लागू शकते. तुळस कुंडीत लावा, आणि कुंडी घरात ठेवा.

डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, हा २०१९ चा कायदा आहे. मोबाइलची रेंज काही खोलगट भागांत अगदीच जाते. मिस्टरांच्या कामासाठी ऑफकॉम या दूरसंचार नियामकाच्या वेबसाइटवरच्या चेकरवर त्या पत्त्याचा ब्रॉडबँडचा वेग तपासा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

शाळेचं म्हणाल तर प्राथमिक शाळा लॉकरिजला आहे, माध्यमिक मार्लबरोला सेंट जॉन्स. आठ वर्षांखालच्या मुलाची जवळची योग्य शाळा दोन मैलांपेक्षा लांब असेल, आठच्या पुढे तीन मैलांपेक्षा, तर कौन्सिल फुकट वाहतूक देतं. स्विंडनचं कौन्सिल वेगळं आणि एव्हबरी विल्टशर कौन्सिलमध्ये, त्यामुळे वर्षाने घर बदललंत की शाळेचा अर्ज नव्याने करावा लागेल. वर्गात तिच्यासारखी दिसणारी मुलं फार नसतील. याची तयारी आधी तुमची हवी, मुलं लवकर रुळतात.

बाजारहाट मार्लबरोला, १० किलोमीटरवर. तिथे बुधवारी आणि शनिवारी रस्त्यावर बाजार भरतो, डिव्हायझेसला गुरुवारी. पण ज्वारीचं पीठ, कोकम, सुके बांगडे यांसाठी स्विंडनच. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क मिळतो. त्या पासपोर्टवर आलेली गोंयकार मंडळी स्विंडनमध्ये इतकी आहेत की बसमध्ये कोंकणी सहज कानावर पडते. मँचेस्टर रोडच्या बाजूला चक्कर मारा. पहिल्या वर्षी याच गोष्टींचा फार आधार वाटतो. नाइट ड्युटीहून आल्यावर शेजारी आपल्या बोलीतला माणूस असणं आणि भोवती नुसती ओली शेतं असणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. डिसेंबरात चारला अंधार पडतो, आणि खेड्यात रस्त्यावर दिवे नाहीत.

माणसं मात्र चांगली आहेत, फक्त आपणहून दार वाजवत नाहीत. पॅरिशची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीची, लोकसंख्या पाचशेच्या आसपास, त्यामुळे नवीन कोण आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण विचारायचं नाही ही त्यांची रीत. तुम्हीच जायचं. गावच्या हॉलमधला कॉफीचा कार्यक्रम असो, चर्चची जत्रा असो, नाहीतर पॅरिश कौन्सिलची बैठक, हजर राहा आणि खुर्च्या उचलायला हात लावा. माझ्या शेजारच्या आजींनी पहिल्या उन्हाळ्यात परसातल्या शेंगा ताटात घालून दिल्या. रिकामं ताट परत द्यायचं नाही ही आपली सवय, मी त्यात चकल्या घालून दिल्या. ते ताट अजून दोन्ही घरांत फिरतं आहे. २१ जूनच्या सुमारास मात्र सगळीकडून लोक सूर्योदयाला जमतात. त्यांतल्या कित्येकांसाठी हे देवस्थान आहे. त्या दोन दिवसांत गाडी बाहेर काढायचा बेत ठेवू नका.

आणि भोवतालचा मुलूख! शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे, मालक कुणीही असो. फाटक उघडलंत की लावून घ्यायचं, एवढीच अट. दक्षिणेला सिल्बरी हिल आहे, माणसांनी खडू उपसून रचलेली टेकडी, तीस मीटरहून उंच, इ. स. पू. २४०० च्या सुमाराची. ती कशासाठी रचली हे कुणाला उलगडलेलं नाही, वर चढायला बंदी आहे. ओल्या हिवाळ्यात तिच्या पायथ्याशी पाणी भरतं आणि टेकडी तळ्यात उभी राहते. पलीकडे चढणीवर वेस्ट केनेटचं थडगं, शंभर मीटर लांब, साडेपाच हजार वर्षांहून जुनं, आत जाता येतं. ओव्हर्टन हिलवरून रिजवे ही १३९ किलोमीटरची पायवाट निघते. कॅलनकडे जाताना डोंगरावर १७८० मध्ये कोरलेला पांढरा घोडा आणि त्याच्या डोक्यावर लॅन्सडाउन घराण्याने उभारलेला स्तंभ दिसतो. १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता तो याच घराण्यातला.

एवढं सगळं स्विंडनला राहूनही सुट्टीच्या दिवशी ४९ ची बस पकडून पाहता येतं. पहिल्या वर्षात एकदा तरी जानेवारीतल्या पावसात या, शनिवार-रविवार सोडून. दुपारी तीनला उतरा, ट्रुस्लोपर्यंत चालत जा, अंधार पडल्यावर परतीच्या बसची थांब्यावर वाट पाहा. मुलीला आणि मिस्टरांनाही आणा. त्यानंतरही तिघांना इथेच राहावंसं वाटलं तर घर शोधायला मी तुमच्याबरोबर येईन. तूर्त हॉस्पिटलकडून रोस्टर आणि पार्किंग परमिटचे नियम मागवून घ्या, आणि रुजू व्हायची तारीख कळली की लिहा. स्विंडनमध्ये हॉस्पिटलला सरळ बस असलेल्या कोणत्या भागांत घर बघायचं ते तेव्हा सविस्तर सांगते.