पाखरांना दाणे : उरणार नाहीत इतकेच

प्रश्न : थंडी सुरू झाल्यापासून बागेत नळीसारखा उभा फीडर टांगला आहे. त्यात काळ्या सूर्यफुलाच्या बिया भरतो. पहिला आठवडा वर्दळ होती. आता पक्षी येतात, दाणा उचलतात, टाकतात आणि उडून जातात. बिया बदलू का?

उत्तर : बियांची निवड उत्तम आहे. काळ्या बियांचं साल पातळ असतं आणि आत तेल भरपूर, त्यामुळे लहान चोचीलाही त्या फुटतात. फीडर खाली काढून तळ तपासा. बहुतेक वेळा तिथे बोटभर जाडीचा, काळपट, आंबूस वासाचा गठ्ठा सापडतो. सगळ्यात खालच्या भोकाच्याही खाली थोडी जागा असते, तिथले दाणे चोचीला लागत नाहीत. आपण वरून भर घालत राहतो, जुना माल तळाशी दव पीत राहतो. मग बुरशी धरते आणि ती हळूहळू वर चढते. त्या जागेत नेमकी बसेल अशी प्लास्टिकची चकती टाका, म्हणजे दाणे भोकाच्या पातळीवरच थांबतील. चकतीला आणि तळाला पाणी निघून जाण्यापुरती बारीक भोकं हवीत.

खरी चूक मात्र भरून ठेवण्यात आहे. तीन दिवस सकाळी 100 ग्रॅम मोजून घाला आणि अंधार पडण्याआधी किती उरले ते पाहा. 40 ग्रॅम उरत असतील तर तुमच्या बागेचा खप 60 ग्रॅमचा आहे, तेवढेच घाला. फीडर संध्याकाळी रिकामा दिसला तर वाईट वाटून घेऊ नका, तो तसाच दिसायला हवा. घालायची वेळ पहाटेची ठेवा. दहा-अकरा ग्रॅमचं पाखरू थंडीच्या एका रात्रीत अंगातला बराचसा मेद जाळून टाकतं, म्हणून उजाडताच त्याला खायला लागतं. कडाक्याच्या थंडीत दुपारनंतर, मावळतीच्या दोनएक तास आधी, पुन्हा थोडे घाला.

आठवड्यातून एकदा फीडर सुटा करून गरम साबणाच्या पाण्यात ब्रशने घासा. मग घरगुती ब्लीचचा 1 भाग आणि पाण्याचे 9 भाग अशा द्रावणात 10 मिनिटं बुडवा, भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. घासण्याआधी ब्लीचमध्ये टाकून उपयोग नाही, कारण विष्ठा आणि तेलकट मळ ब्लीचचा जोर खाऊन टाकतात. ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू निघतो. अर्धवट ओल्या नळीत दाणे भरले तर सगळी मेहनत वाया. दोन फीडर ठेवले की एक वाळेपर्यंत दुसरा टांगता येतो. खाली पडलेली सालंही झाडून घ्या आणि महिन्याकाठी फीडरची जागा बदला.

प्रश्न : एक पक्षी फीडरखाली पिसं फुगवून बसतो. अगदी जवळ गेलं तरी उडत नाही. चोचीभोवती ओलसर दाणे चिकटलेले दिसतात. त्याला मऊ काही खायला देऊ का?

उत्तर : देऊ नका. आजच सगळे फीडर आणि पाण्याची भांडी उचला. ही लक्षणं ट्रायकोमोनास गॅलिनी या परजीवीच्या आजाराशी जुळतात. तो घसा आणि अन्ननलिकेत वाढतो, गिळणं अवघड होतं. पक्षी दाणा तोंडात घेतो, गिळता येत नाही म्हणून टाकतो. लाळेने भिजलेला तो दाणा पुढचा निरोगी पक्षी उचलतो. कबुतरांमध्ये हा आजार जुनाच आहे. ब्रिटनमध्ये 2005 नंतर तो ग्रीनफिंच पक्ष्यांत पसरला आणि त्यांची संख्या प्रचंड घटली. परजीवी कोरड्या जागी फार टिकत नाही. ओल आणि गर्दी या दोन गोष्टी त्याला तगवतात, म्हणून ताटासारखे सपाट फीडर सगळ्यात घातक. तिथे दाणे, लाळ आणि विष्ठा एकत्र होतात.

किमान दोन आठवडे काहीही ठेवू नका, म्हणजे पक्षी पांगतील. आजारी पक्षी दिसत राहिले तर आणखी थांबा. पाण्यात औषध मिसळण्याचा मोह टाळा, कोणता पक्षी किती पितो यावर आपला ताबा नसतो. फीडर हाताळताना हातमोजे घाला. हा परजीवी माणसाला बाधत नाही, पण अशीच लक्षणं साल्मोनेला या जिवाणूमुळेही दिसतात आणि तो माणसाला बाधतो.

प्रश्न : दाणे आणि चरबीचे गोळे घरी केले. अर्धे भुगा होऊन पडले, उरलेले दुपारी वितळले.

उत्तर : भुगा झाला म्हणजे चरबी कमी पडली. वितळले म्हणजे चरबी मऊ निघाली. खोलीच्या तापमानाला घट्ट राहणारी चरबी 250 ग्रॅम आणि कोरडं मिश्रण 500 ग्रॅम, हे प्रमाण धरा. मिश्रणात बिनमिठाचे भरडलेले शेंगदाणे, कच्चे ओट्स आणि सोललेल्या सूर्यफूल बिया चालतात. चरबी मंद आचेवर वितळवा, उतरवून मिश्रण ढवळा, कपात दाबून भरा आणि रात्रभर थंड होऊ द्या. तळणीतलं उरलेलं तूप-तेल वापरू नका. त्यात मीठ उतरलेलं असतं, शिवाय ते पिसांना माखतं आणि माखलेली पिसं पाणी अडवू शकत नाहीत. शेंगदाण्यांना जरा जरी बुरशी दिसली तरी अख्खी पिशवी टाका, बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजूनही पुरतं जात नाही. गोळे नायलॉनच्या जाळीत टांगू नका, नख्या अडकून पाय मोडतात. ऊन चढणाऱ्या दिवसांत चरबी बंदच ठेवा.

प्रश्न : दोन आठवडे बाहेर जायचं आहे. सवय लागलेले पक्षी उपाशी राहतील का?

उत्तर : नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये चिकॅडी पक्ष्यांवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला. वर्षानुवर्षं फीडरवर येणारे पक्षी फीडर काढल्यावरही इतरांइतकेच जगले. फक्त हिमवर्षाव चालू असताना अचानक बंद करू नका. जायच्या आठवडाभर आधीपासून रोज थोडे कमी करत जा.

प्रश्न : फीडरवरून उडालेले पक्षी खिडकीवर आदळतात.

उत्तर : फीडर काचेपासून 1 मीटरच्या आत आणा, म्हणजे धडक लागण्याइतका वेग येत नाही. नाहीतर 10 मीटरपलीकडे न्या. मधलं अंतर सगळ्यात धोक्याचं. काचेच्या बाहेरच्या बाजूला 5-5 सेंटिमीटरवर ठिपके चिकटवा. मधोमध लावलेलं एकच ससाण्याचं चित्र निरुपयोगी, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो आणि काचेवरच आपटतो. फीडर हलवताना जवळच्या दाट झुडपापासून दोन-तीन मीटर अंतर राहील हेही पाहा : पाखराला झुडूप गाठता येतं, पण मांजराला तिथून एका झेपेत फीडर गाठता येत नाही.