सतरा वर्षांचा मुलगा, आईच्या नावावरची स्कूटर

प्रश्न : मी भांडुपला राहते. मुलाला मागच्या महिन्यात सतरा पूर्ण झाली. तो बारावीत आहे. कॉलेज आणि क्लास दोन्ही मुलुंडला. माझ्या नावावर ११० सीसीची स्कूटर आहे. ओळखीचा एजंट म्हणतो, सोळानंतर विदाउट गिअरचं लायसन्स मिळतं, पालकाची सही दिलीत की काढून देतो, मग मुलगा बिनधास्त चालवेल. तसाही तो अधूनमधून क्लासला गाडी नेतो. गेल्या आठवड्यात ट्रॅफिक हवालदाराने अडवलं आणि समज देऊन सोडलं. भाऊ म्हणतो, पकडलंच तर दंड भरून सुटता येतं. मी सही करू का?

उत्तर : ताई, सही करू नका. आणि गाडीची चावी आजपासून त्याच्या हाती देऊ नका.

एजंट तुम्हाला अर्धंच सांगतोय. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायला अठरा पूर्ण लागतात. अपवाद एकच : सोळा पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवता येते, आणि त्याच्या लर्निंगच्या अर्जावर पालकाची सही लागते. पन्नास सीसी म्हणजे जुन्या लुनासारखी गाडी. तुमची स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठी. म्हणजे लायसन्स अगदी खरं असेल, आरटीओचंच असेल, पण तुमच्या गाडीपुरता त्याचा उपयोग शून्य. अशी लायसन्सं काढून मुलं सर्रास मोठ्या स्कूटर चालवतात आणि आईवडिलांना मनापासून वाटत असतं की आपण सगळं नियमात केलंय. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

कारण पकडलं गेल्यावर आरोपी तुम्ही असता. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ सांगतं की अल्पवयीन मुलाने या कायद्याखालचा गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जाईल. तुमच्या बाबतीत पालकही तुम्ही आणि मालकही तुम्ही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत ना लर्निंग, ना पक्कं लायसन्स. ही शेवटची गोष्ट घरात नीट समजावून सांगा. वर्षभर थांबायचा कंटाळा करून तो आठ वर्षं घालवून बसेल, आणि तीही नोकरी शोधायच्या वयातली.

गाडी तुमच्या संमतीनेच नेली होती, असं कोर्ट गृहीत धरतं. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. मुलगा क्लासला गाडी नेतो हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा तो बचाव तुमच्याकडे नाही. मुलाकडे लायसन्स असेल तर पालक सुटतो, असंही त्याच कलमात आहे. पण तो चालवत होता त्याच प्रकारच्या गाडीचं ते असलं पाहिजे. ५० सीसीचं कार्ड इथेच कुचकामी ठरतं.

भावाचं म्हणणं साध्या गुन्ह्यांपुरतं ठीक आहे. हेल्मेट नसलं, सिग्नल तोडला, तर तडजोड शुल्क भरून विषय मिटतो. कलम १९९अ त्या तडजोडीच्या यादीत नाही. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावीच लागते.

अपघात झाला तर काय, हा विचार नकोसा वाटतो, पण करायला हवा. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले आणि मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. तिथे मोठी मोटार होती, पण तुमच्या भागातल्या एलबीएस रोडच्या गर्दीत एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पाडायला स्कूटरही पुरते. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. नुकसानभरपाईचा दावा मात्र मोटार अपघात न्यायाधिकरणात तुमच्या नावावर चालतो. चालकाकडे योग्य लायसन्स नसताना मालकाने जाणूनबुजून गाडी दिली असेल, तर विमा कंपनीला जखमी माणसाला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करायची मुभा न्यायाधिकरण देऊ शकतं. ती रक्कम लाखांत जाते. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर कंपनी फेटाळतेच.

हवालदाराने सोडलं तरी एक काम आजच करा. ई-चलानच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून त्या तारखेची काही नोंद आहे का पाहा. नसेल, तर त्या तोंडी समजेमुळे पुढचं लायसन्स अडायचं कारण नाही. असेल किंवा कोर्टाची नोटीस आली, तर घाईने पैसे भरू नका. ते कागद घेऊन आधी वकिलाला भेटा.

मधल्या वर्षासाठी भांडुप ते मुलुंड लोकल आहे, बेस्ट आहे. दुचाकी हवीच असेल, तर २५० वॉटपेक्षा कमी मोटरची, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी आणि बॅटरी वगळून ६० किलोपर्यंत वजनाची ई-बाइक कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. तिला लायसन्स लागत नाही. पण ‘लायसन्सची गरज नाही’ ही दुकानावरची पाटी पाहून घेऊ नका. पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेचं त्या मॉडेलचं चाचणी प्रमाणपत्र मागा, आणि वेग वाढवून देतो म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा. वेग वाढवला की ती मोटार वाहन झाली, आणि वर सांगितलेलं सगळं तिलाही लागू झालं.

अठरा पूर्ण झाल्यावर एजंटची गरजच नाही. आधारच्या आधारे सारथी या सरकारी लायसन्सच्या संकेतस्थळावर अर्ज करून लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. अर्ज ‘विथ गिअर’चा करा. लर्निंग सहा महिने चालतं. तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, तुमच्या भागासाठी वडाळा आरटीओत. तोवर गाडीला पुढेमागे लाल ‘एल’ हवा, आणि मागच्या सीटवर मित्र चालणार नाही.