वाचक विचारतात : लग्नाचे अल्बम आणि रोबोकॉपी

प्रश्न : ताई, ऐरोलीला माझा फोटोग्राफीचा व्यवसाय आहे. लग्नं, मुंजी, गडकरी रंगायतनमधले कार्यक्रम, सगळं वर्षावार फोल्डरांत आहे. त्यात पार्टीच्या नावाचं फोल्डर, त्यात पुन्हा हळद, सीमांतपूजन, रिसेप्शन अशी वेगळी. हे नव्या एक्स्टर्नल डिस्कवर माउसने ओढून टाकते, तर कधी नाव लांब म्हणून अडतं, कधी केबल हलते आणि अर्धवट राहतं. काय गेलं, काय राहिलं, काही कळत नाही. ओळखीच्या एका दुकानदाराने ‘रोबोकॉपी स्लॅश मिर मारा’ असं सांगितलंय. मारू का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : रोबोकॉपी मारा. मिर मारू नका.

रोबोकॉपी म्हणजे फोल्डरं कॉपी करायची कमांड. ती विंडोजमध्येच असते, व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजबरोबर येते, त्यामुळे कुठून उतरवून घ्यायची गरज नाही. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून (अर्थात इंग्रजी अक्षरांत) आधी रोबोकॉपी, मग जिथून न्यायचं त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, मग जिथे ठेवायचं तो पत्ता आणि शेवटी स्लॅश ई. ई म्हणजे आतली सगळी फोल्डरं, रिकामीसुद्धा. स्लॅश एस लिहिलंत तर रिकामी गळतात. पुढच्या लग्नाचा साचा म्हणून तुम्ही रिकामी फोल्डरं करून ठेवत असाल, तर ई-च हवं. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणात घाला, पण शेवटच्या अवतरणाआधी उलटा स्लॅश ठेवू नका. तो अवतरणालाच गिळतो आणि कमांड भलतंच काहीतरी समजते. आणखी एक : रोबोकॉपी फोल्डर उचलत नाही, फोल्डरातला माल उचलते. म्हणून जायच्या पत्त्यातही फोल्डरचं नाव लिहा, नाहीतर सगळी लग्नं डिस्कच्या तोंडाशीच सांडतील.

आता मिर, म्हणजे मिरर, आरसा : जायची जागा मूळ जागेची हुबेहूब नक्कल करायची. नव्या, रिकाम्या डिस्कवर पहिल्या दिवशी मिर आणि ई यांत काहीच फरक दिसणार नाही, आणि घात तिथेच आहे. चार महिन्यांनी लॅपटॉप भरला की तुम्ही जुन्या सीझनची लग्नं त्यावरून पुसणार, डिस्कवर आहेतच म्हणून. सगळे फोटोग्राफर हेच करतात. मग पुन्हा मिर चालवलंत की रोबोकॉपी बघणार, मूळ जागी हे फोल्डर नाही, म्हणजे तिथेही नको. डिस्कवरचंही पुसलं जाणार, आणि रिसायकल बिनमध्येसुद्धा सापडणार नाही. ई मात्र जायच्या ठिकाणचं जास्तीचं काही पुसत नाही. दोन पत्ते उलटसुलट पडले, तर रिकाम्या डिस्कबरहुकूम मिर तुमचा लॅपटॉप रिकामा करील. असं होणार नाही म्हणू नका. आज डिस्कला ई अक्षर मिळतं, उद्या आधी कार्ड रीडर लावलात की तेच ई कार्डाला जातं. मी बेलापूरच्या एका ऑफिसात सर्व्हर सांभाळत होते, तिथे मिर लिहायचं तर दुसऱ्या माणसाने कमांड वाचल्याशिवाय एंटर दाबायचा नाही, असा शिरस्ता होता. घरी दुसरा माणूस नसेल तर स्लॅश एल जोडा. मग काय काय करणार याची नुसती यादी येते, हात कशालाच लागत नाही. यादी वाचा, एल काढा, पुन्हा चालवा.

स्लॅश आर कोलन दोन आणि स्लॅश डब्ल्यू कोलन पाच एवढंही जोडाच. एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी पुन्हा प्रयत्न करते आणि मुळात तिची चिकाटी 10 लाख प्रयत्नांची, दर प्रयत्नामागे 30 सेकंद थांबून. हिशेब केला तर एका बिघडलेल्या फायलीपुढे साडेअकरा महिने! आर आणि डब्ल्यूने ते दोन प्रयत्न आणि पाच सेकंदांवर येतं.

केबल हलली, वीज गेली, तर तीच कमांड परत चालवा. आकार आणि तारीख जुळणाऱ्या फायली ती सोडून देते, राहिलेल्याच घेते. शेवटी तक्ता येतो, त्यात ‘फेल्ड’च्या रकान्यात शून्य दिसेपर्यंत कॉपी झाली असं धरू नका.

लांब नावांचं दुखणं एक्सप्लोररचं, म्हणजे तुम्ही माउसने फोल्डरं ओढता त्या खिडकीचं आहे. त्याला साधारण 260 अक्षरांपलीकडचा पत्ता झेपत नाही, रोबोकॉपीला झेपतो. मराठी नावांत प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार वेगळा मोजला जातो. ‘हळदीकुंकू’ दिसायला पाच अक्षरं, मोजणीत नऊ. पण नेलेलं उघडायला पुन्हा एक्सप्लोररच लागणार, तेव्हा नावं आखूडच बरी. वधूवरांची दोन्हीकडची आडनावं, हॉल आणि मुहूर्त एकाच नावात कशाला? आणि पार्टीला पेन ड्राइव्हवर व्हिडिओ देताना तो फॅट बत्तीस या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला नाही ना, बघा. त्यावर 4 जीबी किंवा मोठी एक फाइल बसत नाही, कमांड कोणतीही असो.

प्रश्न : काकू, मी लिनक्सवर फोल्डरं कॉपी करायला आरसिंक ही कमांड वापरतो. दुसऱ्यांदा चालवल्यावर ‘नोट्स’च्या आत आणखी एक ‘नोट्स’ तयार झालं. असं का?
— एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : एकदा तू मूळ पत्त्याच्या शेवटी स्लॅश दिला असणार आणि एकदा नाही. स्लॅश असेल तर आतला माल जातो, नसेल तर फोल्डरसकट जातो. जायच्या पत्त्यामागे स्लॅश असला काय, नसला काय, याला फरक पडत नाही. आरसिंक 1996 सालचं, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचं. नेटवर्कवरून पाठवताना फायलीचा बदललेला भागच न्यायचा, ही त्यातली खरी करामत. स्लॅशची खोड मात्र सगळ्यांनाच चावते. आतलं जास्तीचं ‘नोट्स’ हाताने काढ, पण त्याआधी त्यात नवं काही नाही ना, बघ. मूळ जागी नसलेलं सगळं पुसणारा ‘डिलीट’चा पर्याय लावून साफसफाई करायच्या फंदात पडू नकोस, आणि लावायचाच असेल तर आधी वजा एन लावून नुसती यादी काढ.