मेक्सिकन गायक व्हिसेंते फर्नांडेझने मारियाची (मेक्सिकोतला लोकसंगीताचा ताफा) थाटात गायलेले अर्जेंटिनाचे टँगो 'खरे' टँगो आहेत का? टँगो ऐकायची सुरुवात त्या अल्बमपासून केली तर चालेल का?

चालेल. पण 'खरे' वाचलं आणि राहवलं नाही, कारण नेमक्या याच अल्बमवरून मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात माझं एकाशी चांगलंच वाजलं होतं.

कंपनीच्या कामासाठी तिथे होतो. वरच्या मजल्यावर मी आणि अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सचा एक जण, खाली घरमालकीण आजी. व्हिसेंतेचा हा अल्बम, 'मानो आ मानो', 2014 चा. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं ते मेक्सिकन प्रादेशिक संगीताच्या विभागात, त्यामुळे आमचे हे गृहस्थ खूश: "बघ, देणाऱ्यांनाही कळतं हा टँगो नाही!" आजींच्या वाढदिवसाला मारियाची बोलावले होते. ग्वादालाहारा ज्या राज्यात आहे ते हालिस्को म्हणजे व्हिसेंतेचं घरचं अंगण, तिथे मारियाची आले नाहीत तरच लोक चौकशी करतात. आजींनी फर्माईश केली ती त्याच शीर्षकगीताची. सोडून गेलेल्या, आता पैसेवाल्यांत वावरणाऱ्या बाईला एक जण सांगतोय, आपला हिशेब मिटला, पण पुढे कधी अडलीस तर या मित्राकडे ये. आजी शब्दन्‌शब्द म्हणत होत्या. आमच्या गृहस्थांनी ताट खाली ठेवलं. "टँगोत ट्रम्पेट?" आजी म्हणाल्या, "माझे वडील दाढी करताना हे म्हणायचे. तेव्हा तुझा बापही जन्मला नव्हता." मला हसू आवरलं नाही, तर तो माझ्यावरच उखडला. "तू भारतातून आलेला, तुला काय कळतंय यातलं?"

कळण्याचंच काढलंस तर ऐक बाबा. तुमच्या कार्लोस गार्देल या जुन्या गायकाने टँगो गाण्याची रीत घालून दिली, आणि त्याच्या कितीतरी ध्वनिमुद्रिकांत मागे आहेत फक्त गिटारी. ज्या बँडोनियनशिवाय (हातात धरून वाजवायची भात्याची पेटी) तुमचं पान हलत नाही, ते वाद्य जर्मनीतून आलेलं. त्याआधी बासरी, व्हायोलिन आणि गिटारवर टँगो मजेत चालला होता. आणि मारियाचीतला ट्रम्पेट तरी मूळचा कुठे आहे? जुने मारियाची निव्वळ तंतुवाद्यांवर वाजवायचे, ट्रम्पेट रुळला तो रेडिओच्या जमान्यात. दोन्हीकडे उपरेच घरमालक झालेत. आपल्याकडे 1911 साली गोविंदराव टेंब्यांनी 'मानापमान'मध्ये पूरबी ढंगाच्या चाली आणल्या, म्हणून ती पदं मराठी नाहीत असं आज कोणी म्हणतं का?

एवढं म्हणून सांगतो, अल्बम निर्दोष नाही. व्हिसेंते तेव्हा सत्तरी ओलांडलेला, आवाज अजून तोफेसारखा, आणि अडचण तीच आहे. रांचेरात, म्हणजे मारियाचीच्या साथीने गायच्या मेक्सिकन गाण्यात, सूर भरून लांबवायचा, मध्येच हुंदका द्यायचा, समोरच्याने ग्लास उंचावला पाहिजे. टँगोतला गायक निम्मं बोलतो, शब्द तालाच्या मागे रेंगाळू देतो, कडवटपणा दाताखाली ठेवतो. टँगोगायक रॉबेर्तो गोयेनेचेचं उतारवयातलं गाणं ऐका, गळा पार फाटलेला आहे, पण एकेक शब्द लागतो. व्हिसेंते रडायचं तिथेही छाती काढून उभा राहतो. मला ते आवडतं, पण सगळी गाणी सलग ऐकली की थकायला होतं. दोन-तीन ऐका आणि थांबा. मग तीच गाणी गार्देलच्या आवाजात लावा, जुन्या मुद्रणाची खरखर सहन करून.

एक राहिलं. तुम्ही नाचायला शिकत असाल तर वरचं सगळं विसरा. मी नाचत नाही, त्यामुळे माझं मत तिथे कुचकामी. दारिएन्सो आणि दि सार्लीच्या वाद्यवृंदांपासून सुरू करा. गार्देलवरही सहसा कोणी नाचत नाही.

आणि कोणी अर्जेंटिनावाला 'मेक्सिकोचा टँगोशी संबंध काय' म्हणून गुरकावला, तर त्याला लिबेर्ताद लामार्केबद्दल विचारा. त्यांचीच टँगोगायिका, 1940 च्या दशकात मेक्सिकोला गेली आणि तिथलीच झाली. 1947 साली दिग्दर्शक बुन्युएलच्या 'ग्रान कासिनो' या चित्रपटात तिचा नायक होता होर्हे नेग्रेते, म्हणजे घेरदार सोंब्रेरो टोपीवाल्या चारो (मेक्सिकन घोडेस्वाराच्या पोशाखातल्या) गायकांचा शिरोमणी. आमच्या गृहस्थांना मी हे त्याच रात्री जिन्यात सांगितलं. त्याने दार लावून घेतलं.